बाईंचं डबकं

—नाही, नाही, पायांचं काही नाही. मोठ्या बाईंना तसं सांग हवं तर, शाळेत सगळ्यांना मी तेच कळवलंय — पाय दुखतात, खडकांवर उतरवत नाही आता. पण तू घरापर्यंत आलीयस म्हणून सांगते, पाय ठणठणीत आहेत माझे. सकाळीच गच्चीवरच्या टाकीपर्यंत चढून आले. बस ना. तिथं नको, त्या खुर्चीचा पाय हलतो, ह्यांनी दुरुस्त करायची म्हणून कधीची — असू दे. इकडे बस, खिडकीपाशी. आणि आलीच आहेस तर ह्या मटाराच्या शेंगा सोल माझ्याबरोबर. हात रिकामे असले की माणूस उगाच समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसतो. मोठ्या बाईंनी पाठवलं ना तुला? हो ना? स्वतः नाही आल्या. कशा येतील, कुठल्या तोंडानं येतील! म्हणून तुला पाठवलं — माझी जुनी विद्यार्थिनी, आता माझ्याच शाळेत मास्तरीण, तिला बाई नाही म्हणणार नाहीत, असा हिशेब. हुशार आहेत. शनिवारी ब तुकडीची सहल आहे, ते मला ठाऊक नाही होय? अमावास्येची ओहोटी, पाणी पार लांब जाणार, त्या काळ्या खडकाच्याही पुढं. मला कॅलेंडर लागत नाही गं त्याला. पण मी येणार नाही. हे पहिल्यांदाच सांगून टाकलं, म्हणजे पुढचं सगळं ऐकताना तुझ्या मनात उगाच आशा नको.

बरं, एक सांगू का, आता विषय निघालाच आहे तर — सुट्टी टाकायच्या आधी तुझ्या वर्गावरून जात होते, तू फळ्यापाशी उभी राहून सांगत होतीस, मुलांनो, समुद्र श्वास घेतो, आत घेतला की ओहोटी, बाहेर सोडला की भरती. अगं, कुठं श्वास घेतो? नाक आहे का त्याला? ओढला जातो तो, ओढला जातो! पोरांना मैदानावर न्यायचं, मोठा दोर घ्यायचा, दोन टोकं बांधून गोल करायचा, सगळ्यांनी धरून उभं राहायचं. मग एकानं चंद्र व्हायचं आणि एका बाजूनं दोर ओढायचा, आणि बरोबर समोरच्यांनी मागं रेलायचं. काय होतं? दोन टोकं फुगतात — ती भरती. आणि कडेची बिचारी आत खेचली जातात, धडपडतात, एकमेकांच्या पायांवर पाय देतात — ती ओहोटी. एकदा कडेला उभं राहून धडपडलेलं पोर भरती-ओहोटी जन्मात विसरत नाही. तुला आठवतं ना? तू कडेलाच असायचीस. तर श्वासबिस शिकवू नकोस. ऐकायला गोड लागतं म्हणून खोटं शिकवायचं नाही, एवढं एकच मी आयुष्यभर — हं. बघ, हसायला येतंय मला. हे मी सांगतेय. मी!

शेंग अशी नाही, टोकाकडून दाब, आपोआप उघडते. हां.

तुला माझे नियम पाठ असतील अजून. समुद्राकडे पाठ करायची नाही. ओहोटीनंतर खडकात पाणी उरतं त्या डबक्यावर सावली पाडायची नाही, सावली पडली की आतलं सगळं दडतं, आपण मोठे पक्षी वाटतो त्यांना. दगड उचलला तर जसा होता तसाच, त्याच कुशीवर परत ठेवायचा, कारण ते कुणाचं तरी छप्पर आहे — आणि पोरं काय गंमत करायची, घरी जाऊन उशी उचलली तरी तशीच ठेवायची, पालक येऊन सांगायचे मला. आणि शेवटचा नियम. शेवटचा नियम सगळ्यांत मोठा — जे दिसेल तेच सांगायचं. काही नाही दिसलं तर उभं राहून मोठ्यानं म्हणायचं, बाई, मला काही नाही दिसलं. त्यालाही मी शाबास म्हणायचे. नाही दिसलं हेसुद्धा बघणंच आहे. पण गंमत बघ, किती वर्षं झाली, कुणीच कधी म्हणालं नाही, मला काही नाही दिसलं म्हणून. माझ्या डबक्यात सगळ्यांना सगळं दिसायचं. दुसऱ्या शाळांच्या शिक्षिका यायच्या, म्हणायच्या, आमची मुलं नुसत्या शेवाळावर घसरून येतात, तुमच्या डबक्यात एवढं कसं? आणि मी — मी काय सांगायचे माहितीये? मी म्हणायचे, बघायला शिकवावं लागतं. ताठ मानेनं म्हणायचे! तोंड वर करून!

अ तुकडीच्या सहलीला काय झालं ते तुला कळलंच असेल. नाही? कुणी बोललं नाही? मिठाची गुळणी धरून बसलेत सगळे, बसणारच. तर पौर्णिमेची ओहोटी, स्वच्छ सकाळ, पोरं डबक्याभोवती उकिडवी बसलेली, सावली मागं, सगळं कसं शिस्तीत. आणि आत तारामासा. चांगला तळहाताएवढा. पोरांनी तोंडात बोटं घातली, आई गं, बाई बघा, बाई किती मोठा! मी म्हटलं, चला, आज तुम्हाला त्याचे पाय दाखवते. तळवा ओला करायचा, त्याला अलगद त्यावर ठेवायचं आणि थांबायचं. हळूहळू तो शेकडो बारीक पायांनी तळहात धरतो, गुदगुल्या होतात, ते मला दरवर्षी आवडतं गं, वय काहीही होवो. ठेवला. थांबले. धरेना. सरकून खाली पडला. परत ठेवला, परत पडला. मग उलटा करून बघितलं — पाय टोकदार. अगदी सुयांसारखे. आता तुला सांगते, हे नीट ऐक, तुला पुढं शिकवायचंय — खडकावरच्या तारामाशाच्या पायाच्या टोकाला बारीक वाटी असते, तिनं तो दगडाला चिकटतो, लाट आली तरी सुटत नाही. टोकदार पाय असतात ते वाळूतल्याला. तो खोल पाण्यात, वाळूत तोंड खुपसून राहतो, त्याला खडक चढताच येत नाही. तो माझ्या डबक्यात, एवढ्या उंच खडकावर आला कसा? मी मोठ्यानं म्हटलं, अरे, हा इथं कसा आला? मला खरंच प्रश्न पडला होता गं. मी उधाणाचं काहीतरी सांगणार होते, उधाणानं वर फेकला असेल वगैरे, तोंड उघडलंही होतं. आणि ती नवीन मुलगी, वर्षाच्या मधेच आलेली, दोन वेण्यांची, ती सरळ म्हणाली, बाई, त्या काकांनी आत्ता बादलीतून ओतला ना.

आणि सगळा वर्ग म्हणाला, शू!

सगळा वर्ग. एका तालात. अगं, ती मुलगी जे बोलली त्यानं काही नाही झालं मला, मला वाटलं असेल कुणीतरी मासेमारीवाला, टाकलं असेल काहीतरी. त्या शू-नं झालं. एवढी पोरं एका दमात शू करतात तेव्हा ते आधी ठरलेलं असतं. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघितलं. सगळे समुद्राकडे बघत होते. पाठ करायची नाही ना समुद्राकडे!

मग काय, एकेकाला धरून विचारलं. वर्षानुवर्षं चाललंय. वरचा वर्ग खालच्या वर्गाला शिकवून जातो, माझ्या नकळत, माझ्याच वर्गात — तारामासा दिसला की आई गं म्हणायचं, बादली दिसली तर समुद्राकडे बघायचं, आणि बाईंना सांगायचं नाही, बाईंना वाईट वाटतं. तो कुरळ्या केसांचा विदूषक आहे ना, आता सहावीत गेलेला, तो म्हणे तालीम घ्यायचा. खेकडा बघून असा दचकला होता की पाण्यातच बसला. मी त्याला निरीक्षणाचं बक्षीस दिलं! नाटकाचं द्यायला हवं होतं. आणि बसवाले — दरवर्षी पेट्रोलपंपाशी गाडी थांबवून टायर बघत बसायचे. मी किती बोलले असेन त्या माणसाला! म्हटलं, पाणी थांबतं का तुमच्या टायरसाठी, ओहोटी तुमच्या बापाची आहे का? मान खाली घालून ऐकून घ्यायचे बिचारे. बिचारे कसले — वेळ काढत होते, तिकडे बादली पोचायला. आणि मोठ्या बाई तर सगळ्यांच्या वर. सहलीच्या सकाळीच नेमकी त्यांना माझ्याशी काहीतरी तातडीचं बोलायचं असायचं. एका वर्षी म्हणाल्या, पडदे कुठल्या रंगाचे घेऊ या. पडदे! बस उभी, पोरं आत बसलेली, आणि आम्ही पडद्यांवर बोलतोय. शिपाई मावशींना ठाऊक, पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्या बाईला ठाऊक, अख्ख्या गावाला ठाऊक, धक्क्यावरच्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक असेल. एकटी मी तेवढी ज्ञानी.

काका कोण ते विचारत नाहीयेस. म्हणजे कळलं तुला. हो. आमचे हेच.

रडत नाहीये मी. मटारानं डोळ्यांत पाणी येत नाही, माहीत आहे मला. येऊ दे.

त्या दिवशी घरी आले, हे हात धूत होते, इंजिनाचं तेल निघत नाही लवकर, चिंधी घेऊन बोटन् बोट पुसत बसतात. मी विचारलं, बादली कुठाय? नुसतं एवढंच. त्या माणसानं चिंधी खाली ठेवली. मग म्हणाला, बोटींचा धक्का वाढवला ना, तेव्हापासून. धक्का वाढवला तेव्हा पाण्याचा ओघ फिरला, गाळ आला, डबकं मेलं. त्या वर्षी म्हणे मी सहलीहून आले आणि जेवले नाही. नुसती भिंतीकडे तोंड करून निजले. मला तर आठवतसुद्धा नाही! त्याला आठवतं. मग ह्यानं काय केलं, बोटी लागतात पहाटे, जाळ्यात नको ते खूप येतं, तारामासे, खेकडे, काटेरी गोळे, ते लोक फेकून देतात — हा ते मागून घ्यायला लागला. त्यांची इंजिनं दुरुस्त करतो, नाही कोण म्हणणार? बादलीत भरायचं, गुडघा दुखतो ह्याचा, खडकावर चढायचं, मांडायचं. मांडायचं गं! इथं खेकडा, तिथं शंख, दुकानाच्या कपाटात मांडतात तसं. आणि मी जाऊन पोरांना सांगायचे, बघा, निसर्गात प्रत्येकाची जागा ठरलेली असते.

लोक काय म्हणतात ते मला कळतंय. तू पण तेच म्हणणार आहेस, तोंडावर आलंय तुझ्या — बाई, किती प्रेम. एवढं प्रेम कोण करतं. नको म्हणूस. मला चांगल्या शिक्षिकेचं बक्षीस मिळालं तेव्हा हा माणूस समारंभाला आला नाही, म्हणाला, इंजिन उघडून ठेवलंय. आयुष्यात कधी चांगली दिसतेस म्हणाला नाही. आम्हाला मूल नाही, तेव्हाही कधी जवळ बसून दोन शब्द बोलला नाही, उठून त्याच्या इंजिनांच्या शेडमध्ये गेला. आणि हे मात्र करतो, पहाटे, गार पाण्यात, गुडघ्याची वाट लावून — आणि मला सांगत नाही! मला सांगायचं ना, अगं, तुझं डबकं मेलं. मी रडले असते, जेवले नसते, मग दुसरं डबकं शोधलं असतं. नाहीतर तेच मेलेलं दाखवलं असतं पोरांना, म्हटलं असतं, बघा, धक्का बांधला की असं होतं, लिहा. तो केवढा धडा होता! तो माझा धडा होता, आणि ह्या सगळ्यांनी मिळून तो माझ्या हातातून काढून घेतला आणि हातात खेळणं दिलं. लहान मूल समजले मला. माझ्याच विद्यार्थ्यांनी. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणखी काय असतं?

आणि माझे डोळे? ते कुठं गेले होते? हे मला कुणी विचारत नाही, मी स्वतःला विचारते. उताणे पडलेले खेकडे बघितलेत मी त्या डबक्यात. जाळ्याचा निळा धागा अडकलेला शंख बघितलाय. प्रत्येकाला माझ्याकडे उत्तर होतं. उधाणानं आणलं, वाऱ्यानं आणलं. शिकवणाऱ्या माणसाकडे उत्तराला कधी तोटा नसतो. — हे तू शाळेत बोलू नकोस.

शेडमध्येच झोपतात आता. मी घालवलं नाही हं, मी फक्त म्हटलं, मला तोंड दाखवू नका. डबा पोचवते शेजारच्यांच्या हाती. परवा पहाटे सहज गेले तिकडे, म्हणजे डबक्याकडेच चालले होते, वाटेत शेड लागते — ताडपत्री पांघरून झोपलेला माणूस. ताडपत्री! स्वेटर कडीला अडकवून आले. थंडीनं आजारी पडला तर परत मलाच निस्तरावं लागेल ना. बस, तेवढ्यासाठी.

आणि डबकं बघितलं. एकटीनं, कुणाला न सांगता, बसबिस काही नाही. बसले सावली मागं टाकून, पाणी स्थिर होईपर्यंत. खूप वेळ बसले. गाळ. नुसता करडा गाळ, हात घातला तर कोपरापर्यंत जातो. कडेला दोन मेलेली कालवं. मग मी उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं, बाई, मला काही नाही दिसलं.

शनिवारी तू ने त्यांना. खरंच सांगते, तू ने. दाखव गाळ. मी तुला सगळं सांगेन, काय बोलायचं, कुठं उभं करायचं. कारण तुझ्यावर माझा विश्वास आहे, आणि का आहे तेही सांगते — ह्या सगळ्यात मी रात्रंदिवस एकच शोधतेय, की माझ्या हातून एक तरी खरं घडलं का. एक. जास्त नको. आणि मला तू आठवलीस. तू धक्क्याच्या आधीची. धक्का वाढवला तेव्हा तू शाळा सोडून गेली होतीस, मी नीट आठवून बघितलं, म्हणजे तुझ्या वेळचं डबकं जिवंत होतं. तू केवढीशी होतीस! वर्षभर एक शब्द बोलली नव्हतीस वर्गात. हजेरीलासुद्धा नुसता हात वर. आई-वडिलांना बोलावलं, डॉक्टर झाले, सगळे म्हणाले, राहू द्या, बोलेल तेव्हा बोलेल. मला घास गोड लागायचा नाही गं. आणि त्या सहलीला सगळे डबक्यापाशी, तू एकटी पलीकडच्या कपारीत डोकं घालून बसलेली, आणि एकदम ओरडलीस — बाई, ह्यानं रंग बदलला! ऑक्टोपस. एवढासा. आधी तांबूस, मग दगडाच्या रंगाचा, मग परत तांबूस. तुझा आवाज कसा आहे हे मला त्या दिवशी कळलं. मग थांबलीच नाहीस, बसमध्ये बडबड, शाळेत बडबड. मी बढतीसुद्धा नाकारली त्यानंतर, म्हटलं, ऑफिसात बसून मला कुठलं मूल बोलतं करता येणार आहे? ते माझं. बाकी सगळी बादली, पण ते समुद्रानं केलं आणि मी केलं. ऑक्टोपस त्या खडकांत मी ना त्याच्या आधी कधी बघितला, ना नंतर कधी. एवढं नशीब! आणि नेमका तुझ्याच समोर. मी किती दिवस घोकत होते, काहीतरी तिला एकटीला दिसायला हवं, जे दुसऱ्या कुणी आधी ओरडून सांगणार नाही, तरच ती बोलेल. रोज संध्याकाळी हेच घेऊन बसायचे मी, ह्यांना नुसतं भंडावून सोडायचे, इथंच बसायचे हे, इंजिनाचा काहीतरी भाग पुसत, हूं नाही की चूं नाही, मी आपली बोलतेय, तिला एकटीला काहीतरी दिसायला हवं हो, एखाद्या कोपऱ्यात, बाकीच्यांपासून लांब, कपारीत वगैरे —

ह्यांना.

…शेंगा सोलायचं का थांबवलंस?

धक्क्याच्या आधीचं आहे हे. ह्यांनीच सांगितलं, धक्क्यापासून म्हणून. शपथेवर सांगितलं. आधी कशाला करतील? आधी डबकं चांगलं होतं, आधी काही गरजच — बघ ना माझ्याकडे. तू कपारीपाशी का गेलीस? सगळे इकडे असताना तू तिकडे का गेलीस? कुणी सांगितलं होतं तुला तिथं बघायला?

खाली बघू नकोस गं.

नको. राहू दे. बोलू नकोस. त्या दिवशी बोललीस तेवढं पुरे झालं. ते भांडं ठेव तिथंच, राहिलेल्या मी सोलते. ऊठ. जाताना दार ओढून घे, कडी लागत नाही ती, जोरात ओढावं लागतं.